नजरगहाणाची उघडी वही

यंत्रमागाच्या शेडवर किंवा गोदामाच्या दारावर बऱ्याचदा पत्र्याची एक पाटी ठोकलेली असते: आतील यंत्रे व माल अमुक बँकेकडे नजरगहाण. सोनेतारणात दागिना बँकेच्या तिजोरीत जातो. माग मात्र तिजोरीत ठेवून चालत नाही, कारण तो चालला तर कापड निघणार, कापड विकले तर हप्ता भरला जाणार. वस्तू कर्जदाराच्याच हाती राहते आणि बँकेकडे उरतो नुसता हक्क. हा हक्क तिऱ्हाइताला दिसला तरच त्याला अर्थ आहे. म्हणून तारणाची नोंद हा कर्जवाटपानंतर उरकायचा कागदी सोपस्कार नाही. नजरगहाणाचा जीवच तिच्यात आहे.

पाटी गल्लीपुरती, बाकीच्यांसाठी वही लागते. कंपनीने मालमत्तेवर चार्ज, म्हणजे तारणाचा बोजा, दिला की तो ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोंद नसेल, तर कंपनी बुडाल्यावर अवसायक तो चार्ज धरतच नाही. कर्ज उरते, तारण हातचे जाते. पण एकट्या मालकाचा कारखाना किंवा भागीदारीची पेढी या वहीत येत नाही. शिवाय मूळ दस्त बँकेत ठेवून केलेले गहाण बाहेर कुणाला कळत नसे, आणि एकाच जागेवर खोट्या कागदांनी तीन-तीन बँकांची कर्जे निघत. ती वाट अडवण्यासाठी मार्च २०११ मध्ये सेरसाई ही केंद्रीय नोंदणी सुरू झाली. यंत्रे, माल आणि येणी २०१६ पासून तिच्या कक्षेत आली.

या नोंदीला खरी धार आली २४ जानेवारी २०२० रोजी. त्या दिवसापासून सेरसाईत नोंद नसलेल्या बँकेला, कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली, जप्ती करता येत नाही, आणि नोंद असलेल्या बँकेचे येणे सरकारी करांच्याही आधी येते. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये हा अग्रक्रम नोंदीशी घट्ट बांधला. विक्रीकर खात्यासमोर उभे राहायचे तर आधी वहीत नाव हवे.

यावर उद्योजकांचा आक्षेप असतो, की आमची कर्जे जगाला का दाखवायची? शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, सोसायटीचा बोजा सारा गाव वाचत आला आहे. जे त्याने सोसले ते कारखानदाराला जड का व्हावे? आणि या वहीत दिसतो तो हक्क. उलाढाल, नफा, गिऱ्हाइके दिसत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नोंद झाली म्हणून माल गोदामात आहेच असे नाही. खरे आहे, वही पोती मोजत नाही. ती एवढेच सांगते की इथे आधी कुणीतरी उभा आहे. पुढची तपासणी बँकेच्या माणसाने शेडमध्ये जाऊनच करायची. पण ही सूचना नसेल, तर कुठे शोधायचे हेही त्याला कळणार नाही.

मला खटकते ते वेगळेच. कर्ज फिटल्यावर चार्ज उतरवायला उशीर झाला, तर फिटलेले कर्ज वहीत जिवंत राहते आणि दुसरी बँक कर्जदाराला दारातूनच परत पाठवते. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये आदेश काढला: परतफेडीनंतर ३० दिवसांत कागद परत करा, चार्ज काढा, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्या. पण तो आदेश वैयक्तिक कर्जांपुरता आहे. घराचे कर्ज फेडणाऱ्याला मिळालेले हे संरक्षण मागाचे कर्ज फेडणाऱ्यालाही मिळायला हवे, कारण त्याचे पुढचे सूत याच वहीवर अडून असते.