ओसेबर्ग नौकादफन

ओसेबर्ग नौकादफन हे नॉर्वेच्या आग्नेय भागातील टॉन्सबर्ग शहराजवळ सापडलेले व्हायकिंगकालीन दफनस्थळ आहे. येथे दोन स्त्रियांना एका संपूर्ण नौकेसह मातीच्या मोठ्या टेकाडाखाली पुरले होते. दफनकक्षाच्या लाकडातील वार्षिक वलयांवरून हे दफन इ.स. ८३४ मधील ठरते. नौका मात्र त्याआधी, इ.स. ८२० च्या सुमारास बांधलेली आहे.

शोध आणि उत्खनन

१९०३ साली एका शेतकऱ्याला आपल्या शेतातील टेकाड खणताना कोरीव लाकूड लागले. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल गुस्ताफसन यांनी उत्खनन केले. वर रचलेल्या दगडमातीच्या भाराने नौकेचे असंख्य तुकडे झाले होते. पण निळसर चिकणमातीमुळे हवा आत न शिरल्याने लाकूड कुजले नव्हते. हे तुकडे जुळवून उभी केलेली ओकची नौका सुमारे २१.५ मीटर लांब असून तिला वल्ह्यांच्या १५ जोड्या आहेत. तिच्यातील बहुतांश लाकूड मूळचेच आहे.

वस्तू

नौकेत कोरीव गाडी, चार घसरगाड्या, पलंग, विणकामाची साधने, चित्रपट्टीचे कापड आणि रेशमाचे तुकडे मिळाले. घोडे व कुत्रे यांचाही बळी दिलेला होता. एका बादलीच्या कडीपाशी मांडी घालून बसलेल्या, छातीवर स्वस्तिके असलेल्या आकृती आहेत. त्यामुळे तिला ‘बुद्ध बादली’ म्हणतात, परंतु तिचा भारताशी संबंध नाही. ती आयर्लंड किंवा ब्रिटिश बेटांवरील कारागिरी मानली जाते. (भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात घडवलेली खरी बुद्धमूर्ती स्वीडनमधील हेल्गो येथे सापडली आहे.)

सोन्याचांदीचे दागिने मात्र मिळाले नाहीत. टेकाड प्राचीन काळीच फोडले गेले होते. फोडणाऱ्यांनी मागे टाकलेल्या लाकडी फावड्यांच्या वलयमापनावरून ही घटना इ.स. ९५३ ते ९७५ दरम्यानची ठरते. दफन उघडपणे विस्कटलेले असल्याने यामागे केवळ लूट नसून जुन्या सत्तेचे स्मारक भ्रष्ट करण्याचा राजकीय हेतू असावा, असे काही संशोधकांचे मत आहे.

स्त्रिया कोण होत्या?

थोरली स्त्री सत्तरीच्या पुढची व कर्करोगाने ग्रस्त होती. दुसरी सुमारे पन्नास वर्षांची होती. थोरली म्हणजे कथांतील राणी ओसा, हे मत दीर्घकाळ लोकप्रिय होते. त्याला ठोस पुरावा नाही. दोघींपैकी मुख्य कोण आणि सोबत पाठवलेली कोण, हेही अनिश्चित आहे. त्यांच्या अस्थी १९४८ मध्ये टेकाडात परत पुरण्यात आल्या व २००७ मध्ये अभ्यासासाठी पुन्हा काढण्यात आल्या.

जतन

नौकेचे ओक लाकूड सावकाश वाळवले गेले. मऊ लाकडाच्या अनेक वस्तू, विशेषतः घसरगाड्या, आकसू नयेत म्हणून तुरटीच्या तप्त द्रावणात ठेवल्या होत्या. त्या प्रक्रियेत तयार झालेले गंधकाम्ल गेली शंभर वर्षे लाकूड आतून पोखरत आहे. वरून अखंड दिसणाऱ्या काही वस्तू आता केवळ बाहेरच्या लेपावर टिकून आहेत. १९२६ मध्ये नौका ऑस्लोतील बिगडॉय येथील संग्रहालयात नेण्यात आली. वस्तूंना कमीत कमी हादरे बसावेत, हा तेथील नव्या इमारतीच्या आराखड्यातील एक प्रमुख विचार आहे.