काळ्या मातीखालचा ज्वालामुखी

मध्य प्रदेशात सौंसरजवळच्या बोरगावच्या आसपासच्या संत्र्याच्या बागांना आणि कपाशीला पोसणारी काळी माती म्हणजे झिजलेला लाव्हा. पण सौंसर-पांढुर्ण्याच्या रानात धुमसणाऱ्या तोंडाचा डोंगर शोधू गेलं तर एकही सापडायचा नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. आज उरलेला पसाराच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचा आहे. सह्याद्रीत या थरांची जाडी 2 किलोमीटरच्या आसपास भरते.

ज्वालामुखीचा विध्वंस म्हटलं की इंडोनेशियातला 1883 चा क्राकाटोआ आठवतो. त्या स्फोटात आणि त्यातून उठलेल्या त्सुनामीत 36 हजारांहून अधिक माणसं गेली. दख्खनचा घाला निराळा होता. खरा धोका लाव्ह्याबरोबर सुटणाऱ्या वायूंचा. आइसलँडमधल्या लाकी इथे 1783 साली अशीच भेग उघडली आणि आठ महिने वाहत राहिली. गंधकाच्या वायूने कुरणं विषारी झाली, गुरं-मेंढ्या मेल्या आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात देशातली जवळपास पाचवा हिस्सा माणसं दगावली. लाकीचा लाव्हा जेमतेम 15 घन किलोमीटर. दख्खनचा 10 लाख घन किलोमीटरच्या घरात, लाखो वर्षांत टप्प्याटप्प्याने आलेला.

या टप्प्यांमधली उसंत सौंसरच्या दगडांत वाचता येते, आणि या भागाचं खरं धन तेच. लाव्हा थंडावला की खोलगट जागी तळी साचत, झाडोरा वाढे. पुढचा लोट येण्याआधी तळ्यात पडलेली पानं, फळं, बिया सिलिकाच्या पाण्याने भिजून गारगोटीसारख्या टणक होत. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी सौंसरभोवतीच्या अशा दगडांतल्या वनस्पतींचं वर्णन 1943 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांत अझोला हा पाण्यावर तरंगणारा नेचा आहे, आज शेतकरी गुरांना चारतात त्याच कुळातला. दगडाची पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पेशींच्या भिंतीसुद्धा दिसतात. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या दगडांत तर निपा ताडाचं फळ मिळालं. हा ताड आज सुंदरबनासारख्या खाडीकाठी वाढतो!

डायनोसॉर याच सुमारास संपले. मेक्सिकोत आदळलेल्या अशनीने घात केला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या वायूंनी आधीच सजीवसृष्टी खिळखिळी केली होती का, यावर वाद चालू आहे. त्या वादात छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीची साक्ष महत्त्वाची. तिथे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात समुद्रातल्या एकपेशीय जीवांचे सूक्ष्म कवचं सापडली, आणि त्या जाती महासंहारानंतर लगेच उदयाला आलेल्या आहेत. म्हणजे वरचा लाव्हा आला तो संहारानंतर. आणि आजच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, छिंदवाड्यात, तेव्हा समुद्राचं पाणी शिरलं होतं. ते नर्मदा-तापीच्या खोऱ्यातून आलं की आणखी कुठून, याचा शोध अजून चालू आहे.