पथ्य, राशी आणि घरातील अन्ननासाडी

चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. त्यांपैकी 'राशी' म्हणजे आहाराचे प्रमाण. संपूर्ण आहाराचे एकत्रित मान तो 'सर्वग्रह' व प्रत्येक द्रव्याचे स्वतंत्र मान तो 'परिग्रह'. रुग्णाची मात्रा ठरविताना आपण हा विचार करतोच. तो बाजाराच्या पिशवीपर्यंत नेणे आज आवश्यक झाले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालातील अंदाजानुसार भारतीय घरांतून दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न, साली-बियांसह, टाकले जाते. चौघांच्या कुटुंबात हे रोजचे सुमारे ६०० ग्रॅम होते. अशा कचऱ्याचा भार काय असतो, हे उरुळी देवाची व फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी पुण्याच्या कचरा डेपोविरुद्ध वर्षानुवर्षे केलेल्या आंदोलनांतून शहराला कळले आहे.

या नासाडीत आपल्या पथ्यसूचनांचाही वाटा असू शकतो. 'दुधी, पडवळ, मुगाचे वरण घ्यावे' एवढेच सांगितले, तर एका रुग्णासाठी अख्खा दुधी येतो आणि अर्धा सुकतो. उरलेला भात 'वाया जाऊ नये' म्हणून गृहिणी दुसऱ्या दिवशी खाते. म्हणजे पर्युषित अन्न एक तर बादलीत जाते, नाही तर पोटात.

म्हणून पथ्यासोबत सप्ताहाचे आहारपत्रक द्यावे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

१. खरेदीपूर्वी घरात शिल्लक काय आहे, त्याची नोंद.
२. पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत. दुधी, पडवळ त्यानंतर. सुरण, लाल भोपळा शेवटी.
३. भाजी-वरण सर्वांचे एकत्र शिजवून, तिखट-मसाला घालण्यापूर्वी रुग्णाचा भाग वेगळा काढणे.
४. तांदूळ वाटीने मोजणे. सलग तीन दिवस भात उरल्यास माप कमी करणे.
५. आठवड्यातील एक जेवण राहिलेल्या भाज्यांसाठी मोकळे ठेवणे.

औषधालयांनी हे पत्रक छापून औषधासोबत द्यावे. पुनर्तपासणीच्या वेळी भुकेबरोबरच 'घरी काय उरले?' हेही वैद्यांनी विचारावे.

मात्र ताटातले संपविण्याचा आग्रह धरू नये. त्रिविधकुक्षीय अध्यायात कुक्षीचा एक भाग दोषांच्या संचारासाठी मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. बचत करावयाची ती चुलीवर भांडे चढण्यापूर्वी. वाढून झाल्यावर ती अग्नीच्या माथी मारणे हा मिथ्याहारच होय.