थरथरती सही आणि मेंदूतील डोपामीन

भिलाईचे वैशाली नगर असो वा पुण्या-मुंबईची एखादी शाखा, ज्येष्ठ ग्राहकाची सही नमुन्याशी न जुळण्याचा प्रसंग बँकेत नवा नाही. अक्षर बारीक झालेले असते, हात कापत असतो. यामागे कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार, असू शकतो. त्याच्या मुळाशी मेंदूतील एका छोट्या रेणूची उणीव असते.

हा रेणू म्हणजे डोपामीन. कार्बनचे ८, हायड्रोजनचे ११, ऑक्सिजनचे २ आणि नायट्रोजनचा १ अणू मिळून तो बनतो. नायट्रोजनयुक्त गटामुळे तो 'अमाइन' वर्गात मोडतो. आहारातील प्रथिनांमधून मिळणाऱ्या टायरोसिनपासून प्रथम एल-डोपा आणि त्यापासून डोपामीन तयार होते. हालचालींवरील नियंत्रण, उत्साह व प्रेरणा यांसाठी ते आवश्यक असते. मध्यमेंदूतील ते निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होऊ लागल्या की हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात.

या शोधाच्या इतिहासात दोन भारतीय वनस्पतींना स्थान आहे. सर्पगंधेच्या उच्च रक्तदाबावरील गुणांविषयी मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे करण्यात आले. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रेसरपीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा दिले आणि ते पुन्हा हालू लागले. या संशोधनासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. हेच एल-डोपा खाजकुइलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच वेगळे केले होते.

डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, एल-डोपा शिरू शकते. म्हणून आजही तेच प्रमुख औषध आहे. ते लक्षणे आटोक्यात ठेवते, आजार समूळ बरा करीत नाही. बियांतील त्याचे प्रमाण कमीअधिक असते. त्यामुळे परस्पर चूर्ण घेणे धोक्याचे ठरते.

सही करणे अशक्य झालेल्या आजारी वा वृद्ध खातेदाराला अंगठ्याचा ठसा देऊन पैसे काढता येतात. बँकेला परिचित अशा दोन साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो व त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. काउंटरवरील थोडा धीर आणि घरच्यांनी वेळेवर घेतलेला वैद्यकीय सल्ला, दोन्ही तितकेच मोलाचे आहेत.