सामना कुणाच्या मालकीचा?

भाजी घ्यायला गेल्यावर एका गाडीवरचा भाव पटला नाही, तर आपण पुढच्या गाडीवर जातो. विकणारे अनेक असले की भाव ताळ्यावर राहतो, ही साधी समजूत स्पर्धा कायद्याच्या मुळाशी आहे. विक्रेत्यांनी संगनमत करून भाव ठरवू नयेत आणि एकट्यानं बाजार बळकावून गिऱ्हाइकाला वेठीला धरू नये, हे त्या कायद्याचं सार. पण दूरचित्रवाणीवरच्या फुटबॉलला हा कायदा लावायला गेलं की पंचाईत होते. ज्याला मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांचा सामना बघायचा आहे, त्याचं दुसऱ्या कुठल्या सामन्यावर भागत नाही. प्रत्येक सामना हीच एक छोटी मक्तेदारी असते. ही पंचाईत सोडवायचा सर्वांत लांबलेला प्रयत्न इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या बाबतीत झाला.

१९८८ साली इंग्लंडमधल्या फुटबॉल लीगचे चार वर्षांचे प्रक्षेपण हक्क आयटीव्ही या वाहिनीनं ४ कोटी ४० लाख पौंडांना घेतले. सामने घरोघरी फुकट दिसत. १९९२ साली पहिल्या विभागातले क्लब लीगमधून बाहेर पडले आणि त्यांनी प्रीमियर लीग स्थापन केली. नव्या पाच वर्षांच्या कराराचा आकडा ३० कोटी पौंडांवर गेला. थेट प्रक्षेपण बी-स्काय-बी या उपग्रह वाहिनीकडे गेलं आणि बीबीसीच्या वाट्याला क्षणचित्रं आली. लीगचे थेट सामने बघायचे तर छपरावर तबकडी लावायची आणि दरमहा वर्गणी भरायची, असा नवा रिवाज पडला.

यात कायद्याला दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे, सगळे क्लब एकत्र येऊन आपले हक्क एकाच गठ्ठ्यात विकत होते. उद्या सिमेंटच्या वीस कंपन्यांनी एकच दुकान काढून एकाच भावानं माल विकला, तर आपण त्याला सरळ संगनमत म्हणू. दुसरी म्हणजे, तो सगळा गठ्ठा एकच ग्राहक उचलत होता. शिवाय मोसमातल्या बहुतेक सामन्यांचं थेट प्रक्षेपण होतच नव्हतं. माल कोठारात ठेवून भाव चढवण्याचाच हा प्रकार, असं टीकाकार म्हणत.

ब्रिटनच्या वाजवी व्यापार कार्यालयानं हे प्रकरण तिथल्या निर्बंधक व्यापारप्रथा न्यायालयात नेलं. १९९९ साली निकाल लागला तो लीगच्या बाजूनं. लीगची बाजू समजून घेण्यासारखी आहे. सिमेंटच्या कंपनीला प्रतिस्पर्धी बुडाला तर आनंदच होतो. फुटबॉल क्लबला मात्र खेळायला प्रतिस्पर्धी लागतो, आणि तोही तुल्यबळ. एकत्र विक्री केली तर पैसा वाटून घेता येतो. देशांतर्गत प्रक्षेपणातून आलेल्या रकमेचा निम्मा भाग लीगनं सर्व क्लबांना सारखा वाटला. उरलेल्या निम्म्यापैकी अर्धा भाग गुणतक्त्यातल्या क्रमांकानुसार आणि अर्धा भाग क्लबचे किती सामने दाखवले गेले त्यानुसार वाटला जाई. स्पेनमध्ये अनेक वर्षं प्रत्येक क्लब आपले हक्क वेगळे विकत असे. तिथे रिअल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या झोळीत छोट्या क्लबांच्या कितीतरी पट रक्कम पडत गेली. अखेर २०१५ साली स्पेनच्या सरकारला वटहुकूम काढून एकत्रित विक्री आणावी लागली. म्हणजे जे वरवर संगनमत दिसतं, तेच इथं खेळातली चुरस टिकवतं.

त्याच १९९९ साली दुसरा एक डाव मात्र उधळला गेला. बी-स्काय-बीनं मँचेस्टर युनायटेड हा क्लबच ६२ कोटी ३० लाख पौंडांना विकत घ्यायचं ठरवलं होतं. हक्क विकणाऱ्यांच्या बाकावर जो बसणार, तोच समोरून बोलीही लावणार! मक्तेदारी आयोगानं प्रतिकूल अहवाल दिला आणि सरकारनं परवानगी नाकारली.

पुढे युरोपीय आयोगानं सूत्रं हाती घेतली. आयोगाची भूमिका मधली होती. एकत्र विका, पण सगळं एकालाच विकू नका. २००२ साली त्यानं लीगवर आक्षेपपत्र बजावलं. लीगनं २००३ साली हक्कांचे चार संच केले खरे, पण चारही संच बी-स्काय-बीनंच घेतले. अखेर २००६ साली आयोगानं लीगची हमी कायद्यानं बंधनकारक केली. थेट सामन्यांचे सहा संच करायचे, प्रत्येकाचा लिलाव स्वतंत्र करायचा आणि सहाच्या सहा एकाच खरेदीदाराला द्यायचे नाहीत. त्यानुसार चार संच बी-स्काय-बीला आणि दोन संच सेटांटा या आयर्लंडच्या कंपनीला मिळाले. मोसमातल्या १३८ थेट सामन्यांपैकी ९२ एकीकडे आणि ४६ दुसरीकडे.

मक्तेदारी कागदावर मोडली. पण खरी गंमत पुढेच आहे. एकच सामना दोन वाहिन्यांवर दिसू लागला असता, तर भाव उतरायला वाव होता. इथं तर हा सामना या वाहिनीवर आणि तो त्या वाहिनीवर, अशी वाटणी झाली. आपल्या क्लबचे सगळे थेट सामने बघू इच्छिणाऱ्याला आता एका ऐवजी दोन वर्गण्या भरणं आलं. सेटांटाची ब्रिटनमधली कंपनी २००९ साली डबघाईला आली आणि तिचे सामने ईएसपीएनकडे गेले. २०१३ पासून बीटी ही दूरध्वनी कंपनी मैदानात उतरली. २००७ ते २०१० या तीन वर्षांसाठी लीगला १७० कोटी पौंड मिळाले होते, ते २०१६ ते २०१९ साठी ५०० कोटींच्या वर गेले. बोली लावणाऱ्यांत स्पर्धा वाढली की लिलावातला भाव चढतो, आणि तो भाव शेवटी प्रेक्षकाकडूनच वसूल होतो.

पोर्ट्समथ शहरातल्या एका पबच्या चालक बाईंनी यावर आपला तोडगा काढला. त्यांनी ग्रीसमधल्या वाहिनीचं स्वस्त डिकोडर कार्ड आणलं आणि त्यावर इंग्लंडचे सामने दाखवले. त्यांना दंड झाला. त्या लढत राहिल्या आणि २०११ साली युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की, एका सदस्य देशातलं कार्ड दुसऱ्या देशात वापरायला मज्जाव करणारे करार सामायिक बाजाराच्या आणि स्पर्धेच्या तत्त्वांत बसत नाहीत. सामना ही काही कुणाची साहित्यकृती नव्हे, त्यामुळे खुद्द खेळावर स्वामित्वहक्क नाही, असंही न्यायालयानं म्हटलं. प्रक्षेपणातली लीगची धून, बोधचिन्हं, चित्रलेख यांवर मात्र तो हक्क मान्य झाला. पुढे बाईंची शिक्षा रद्द झाली. २०२१ पासून मात्र ब्रिटन त्या सामायिक बाजाराचा भाग राहिलेला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न क्रिकेटच्या रूपानं आला. आयपीएलचे हक्क विकताना, दुसऱ्या कुठल्याही व्यावसायिक देशांतर्गत ट्वेन्टी-२० लीगला मान्यता देणार नाही, असं आश्वासन क्रिकेट नियामक मंडळानं प्रक्षेपकाला दिलं होतं. भारतीय स्पर्धा आयोगानं यावरून २०१३ साली मंडळाला ५२ कोटी २४ लाख रुपये दंड केला. अपील न्यायाधिकरणानं तो रद्द केल्यावर २०१७ साली आयोगानं फेरविचार करून तेवढाच दंड पुन्हा ठोठावला. विक्री एकत्र झाली, हे इथं दुखणं नव्हतं. दुसऱ्या कुणाला दुकानच थाटू द्यायचं नाही, हे होतं.

या सगळ्यातून एक फरक ध्यानात घ्यावा. स्पर्धा कायदा बाजाराचं दार उघडं ठेवतो. आत मिळणारी वस्तू स्वस्त असेल, ही हमी तो देत नाही. सामना सर्वांना फुकट दिसावा असं समाजाला वाटत असेल, तर त्यासाठी वेगळा कायदा करावा लागतो. विश्वचषकाची अंतिम फेरी आणि एफए कपचा अंतिम सामना ब्रिटननं अशा राखीव यादीत घातले आहेत. भारतातही २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. प्रीमियर लीगचे सामने ब्रिटनच्या त्या यादीत नाहीत. म्हणूनच तिथला प्रेक्षक आजही मोसम सुरू होताना आधी वेळापत्रक बघतो, आणि मग कुणाकुणाची वर्गणी भरायची याचा हिशेब मांडतो.