जुन्या मनगटी घड्याळाच्या तबकडीवरील दीप्तिमान रंग : अस्सलतेचे निकष

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या बोलीत 'रेडियम' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या बैलगाडीच्या मागे लावलेली पट्टी रेडियमची, मोटारीच्या काचेवरील अक्षरे रेडियमची आणि अंधारात वेळ दाखवणारे घड्याळही रेडियमचेच. वस्तुतः पट्टी केवळ तिच्यावर पडलेला प्रकाश परत फेकते, तर घड्याळाची तबकडी स्वतः प्रकाश देते. एकाच शब्दाने घडलेल्या या सरमिसळीतून एक ठाम समज निर्माण झाला आहे : अंधारात जितके अधिक चमकते तितके घड्याळ अस्सल. प्रस्तुत लेखात हा समज तपासून चाकूरसारख्या तालुक्याच्या गावीही वापरता येतील असे निकष मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

विषयाचे महत्त्व :

भारतात जुन्या घड्याळांचा साठा मोठा आहे. फाव्र-ल्युबा व वेस्ट एंड या स्विस नावांचा मुंबईतील व्यापार एकोणिसाव्या शतकापासूनचा. पुढे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना उभा राहिला आणि 'जनता', 'पायलट' ही घड्याळे घरोघरी पोहोचली. एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिल्यानंतर या घड्याळांविषयीचे संग्राहकांचे आकर्षण वाढले. त्याचबरोबर जुन्या यंत्रावर नव्याने रंगवलेली तबकडी बसवून ते 'मूळ' म्हणून विकण्याचा व्यवहारही फोफावला. अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. येथे प्रश्न केवळ पैशाचा नाही. आजोबांचे घड्याळ हा कुटुंबाचा दस्तऐवज असतो. शिवाय काही रंग आजही किरणोत्सारी असल्याने प्रश्न आरोग्याचाही आहे.

रंगांचे प्रकार व कालखंड :

१) रेडियम : १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने या मूलद्रव्याचा शोध लावला. रेडियमचे अत्यल्प क्षार व झिंक सल्फाइड यांच्या मिश्रणाचा रंग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्रास वापरला गेला. कुंचल्याचे टोक ओठांनी टोकदार करणाऱ्या अमेरिकेतील कामगार स्त्रियांना त्यातून जीवघेणे आजार जडले. १९६० च्या दशकात घड्याळ उद्योगातून हा रंग मागे पडत गेला.

२) ट्रिशियम : हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक. १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकाअखेरपर्यंत त्याचा वापर झाला. स्विस तबकडीच्या तळाशी 'टी स्विस टी' अशी रोमन अक्षरांतील खूण आढळते ती याच रंगाची.

३) किरणोत्साररहित रंग : नुसते झिंक सल्फाइड प्रकाश दाखवल्यावर थोडाच वेळ मंद चमकते. १९९३ मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटवर आधारित 'ल्युमिनोव्हा' हा रंग आणला. तो कित्येक तास तेजस्वी राहतो.

चमक आणि वय यांचे नाते :

रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या तबकडीवर मूळ रेडियमपैकी सुमारे ९७ टक्के आजही शिल्लक असते. तरीही ती तबकडी अंधारात दिसत नाही, कारण अखंड माऱ्यामुळे झिंक सल्फाइडचे स्फटिक निकामी झालेले असतात. इंधन आहे, पण दिवा फुटला आहे. ट्रिशियमची स्थिती उलट आहे. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे; साठ वर्षांत तीन-साडेतीन टक्केच उरते. येथे इंधनच संपते. दोन्ही कारणांचा परिणाम एकच : १९५० किंवा १९६० च्या दशकातील मूळ रंग आज जवळजवळ विझलेला असला पाहिजे. म्हणून अशा घड्याळाने रात्रभर हिरवा उजेड दिला, तर रंग नंतर भरलेला आहे असेच समजावे.

परीक्षणाचे निकष :

पहिली चाचणी प्रकाशाची. नोटा तपासण्याचा अतिनील दिवा काही सेकंद तबकडीवर धरावा व अंधारात निरीक्षण करावे. जुना ट्रिशियम रंग दिव्याखाली उजळतो; पण दिवा विझताच तोही लवकर मावळतो. रेडियमचा रंग पुष्कळदा निस्तेजच राहतो. दीर्घकाळ टिकणारी चमक नव्या रंगाची.

दुसरी चाचणी भिंगाची. मूळ रंगाचे ठिपके आकाराने सारखे व छपाईशी जुळलेले असतात. नंतरच्या हातकामात रंग अंकांच्या कडेवर पसरतो. वयाने आलेला पिवळसर-तपकिरी रंग एकसारखा नसतो; त्यात भेगा व ओलाव्याचे काळे डाग दिसतात. रंगद्रव्य मिसळून आणलेला 'जुनेपणा' मात्र सर्वत्र सपाट असतो.

तिसरी चाचणी सुसंगतीची. काट्यांतील व तबकडीवरील रंगाची छटा साधारण जुळावी. तळाशी ट्रिशियमची खूण आणि रंग मात्र तासन्तास चमकणारा, हा उघड विरोध होय. खूण नसणे मात्र निर्णायक नाही. रेडियमचे घड्याळ वर्षानुवर्षे बंद पडून असल्यास काट्यांखाली तबकडीवर करपल्यासारखा तपकिरी डाग उमटतो. तो काट्यांच्या आकाराशी जुळत असल्यास महत्त्वाचा पुरावा ठरतो.

चौथी चाचणी किरणोत्साराची. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील गायगर-म्युलर गणक येथे उपयोगी पडतो. रेडियमचे किरण काचेतून व धातूच्या पेटीतून बाहेर येतात व गणकाची नोंद पार्श्वभूमीपेक्षा स्पष्ट वाढते. ट्रिशियमचे बीटा कण इतके क्षीण असतात की ते घड्याळाची काचही ओलांडत नाहीत. त्यामुळे गणक स्तब्ध राहिला म्हणून ट्रिशियम नाही, असे अनुमान काढता येत नाही.

मर्यादा व दक्षता :

कोणतीही एक चाचणी पुरेशी नाही. दुरुस्तीच्या वेळी काटे बदलून तबकडी मूळच ठेवली गेली असेल, तर तो दोष नव्हे. मात्र विक्रेत्याने ते सांगणे आवश्यक आहे. तसेच रेडियमची तबकडी केवळ जवळ ठेवण्यापेक्षा ती उघडून खरवडणे अधिक घातक असते, कारण सुटलेली धूळ श्वासावाटे वा अन्नावाटे शरीरात गेली तर रेडियम हाडांत साठते. गावातील घड्याळजी दिवसभर वाकून काम करतो. त्याच्या हाती असे घड्याळ न सांगता देऊ नये. सर्व चाचण्या पेटी न उघडता कराव्यात.

निष्कर्ष :

१) जुन्या घड्याळाची तेजस्वी चमक हे अस्सलतेचे नव्हे, नंतर रंग भरल्याचे लक्षण आहे.
२) चमक, पोत, खूण, छटा व किरणोत्सार यांच्या परस्पर सुसंगतीवरूनच निर्णय करावा.
३) न चमकणारी तबकडी निरुपद्रवी असतेच असे नाही; विझलेले रेडियमही किरणोत्सारी असते.
४) किरणोत्सार व अर्धायुष्य या संकल्पना शिकवताना विद्यार्थ्यांनी घरून आणलेली जुनी घड्याळे न उघडता तपासणे हा कमी खर्चाचा, परिसराशी जोडलेला प्रयोग ठरू शकतो. त्यातून 'रेडियम' या शब्दामागील वास्तवही विद्यार्थ्यांना उमगेल.