गळा नाही, कान हवा!

मैत्रिणींनो, ‘कंडक्टर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो भंडारा-तुमसर एस.टी.तला, घंटी मारून गाडी सोडणारा. संगीतातही एक कंडक्टर असतो. तोही गाडी सोडतो, थांबवतो. पण स्वतः ना गातो, ना वाजवतो. मग करतो तरी काय?

आमच्या महिला मंडळात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं होतात. वीसेक जणी आणि खंजिरी. रंग चढला की लय धावायला लागते. पुढच्या एकीकडे, मागच्या भलतीकडे! तेव्हा समोरच्या काकू नुसता हात वर करतात आणि सगळ्या पुन्हा एका लयीत येतात. काकूंचा तो हात म्हणजेच कंडक्टरचं काम.

पाश्चात्त्य समूहगायनात हे काम आणखी अवघड. तिथे बहुतेकदा बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन, असे चार गट एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गातात. कंडक्टरचा उजवा हात ताल दाखवतो. डावा सांगतो, आता तुम्ही या, आता आवाज उतरवा. वाद्यवृंद असेल तर साऱ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असतात, त्या एकदम वाचाव्या लागतात. मुंबईचे झुबिन मेहता १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, हे शिकायला व्हिएन्नाला गेले. हान्स स्वारोव्स्की हे त्यांचे गुरू. सोबत डबल बास हे माणसाहून उंच तंतुवाद्यही ते शिकले. दुसऱ्याकडून वाजवून घ्यायचं, तर वाजवणाऱ्याची अडचण कळायला नको का? १९५८ मध्ये त्यांनी लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली आणि पुढे जगभर नाव झालं.

आणि बायका? त्याच व्हिएन्नाच्या नामांकित फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने १९९७ पर्यंत बाईला सभासद करून घेतलं नव्हतं. वाजवायलाच जागा नाही, तर पुढे उभं राहणं दूरच.

आपल्या मुंबईत मात्र वेगळं घडलं. व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ मध्ये एक गायकवृंद उभा केला होता. १९६७ मध्ये ते गेले आणि वृंदाची सूत्रं कूमी वाडिया या बाईंनी हाती घेतली. स्त्री-पुरुषांचा तो अख्खा वृंद पुढे कित्येक दशकं त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर गायला. परदेशी रचना गायला, तशी भारतीय गाणीही.

हे वाचलं आणि मनात आलं, आपल्या गावच्या आरतीत निम्म्याहून जास्त गळे आपले असतात. पण सुरुवात कोण करतो? लय कुणाच्या हाती असते?

तेव्हा एक करा. शाळेच्या समूहगीतात तुमची लेक मागच्या रांगेत उभी राहत असेल, तर तिच्या बाईंना सांगा, एकदा तिला पुढे उभी करा, मुलांना हात देऊ द्या. गळा गोड नसला तरी चालेल. कान तयार हवा, आणि हात वर करायची हिंमत हवी.